घरटी एक माणूस

८ मार्च २००७, गुरुवार

कंबर मोडली! पेन धरवत नाही, तरी लिहिते. आज बांध झाला.

शाळेत आज महिला दिन — प्रत्येक बाईंना एक गुलाब आणि एक सामोसा. मी रजा टाकून मांडीपर्यंत चिखलात.

होळीनंतरची पंचमी म्हणजे शहरात रंग, आमच्या गावात चिखल. सकाळी दामू दारोदार हाळी देत फिरतो — "मानूस हाय का घरान?" — आणि प्रत्येक चुलीमागे एक जण पाटी-फावडं घेऊन खाजणावर, खाडीकाठच्या भातजमिनीवर निघतो. खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून तिथे मातीचा लांबलचक बांध आहे. वर्षभरात तो जिथे खचला असेल तिथे माती टाकायची, दाबायची, घरी यायचं. नोटीस नाही, इंजिनिअर नाही, ठेकेदार नाही. घरटी एक माणूस! ज्या चुलीचा माणूस बांधावर, ती चूल गावची, आणि तिला खाजणातलं भाताचं एक खाचर. कुठलं खाचर कोणाला, ते गावकी दरवर्षी नव्याने ठरवते. कायमचं कोणाचंच काही नाही. वर्गात हे सांगताना माझा आवाज चढतो. अभिमानच म्हणायचा!

पण दामूची हाळी येते ती पुढच्या दारात. म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, मनोजच्या दारात. मागच्या पडवीत आईची आणि माझी चूल वेगळी आहे, हे दामूला चांगलं माहीत आहे. आमच्याकडे कालवण ओरपून गेलाय तो! पण हाळी द्यायला त्याचे पाय मागे वळत नाहीत. मग मीच पडवीतून ओरडते — "हाय!" बाबा गेल्यापासून दरवर्षी ओरडते. दामू मान खाली घालतो आणि पुढच्या घरी जातो.

मनोज आज शेजारीच माती टाकत होता. शेवटी पाय धुताना म्हणाला, "ताई, कशाला येतेस? लोक हसतात." हसू देत! माझ्या पाटीतली माती काय पाण्याला विचारते, कोणी टाकली म्हणून?

चिखलातून वर यायला हात दिला तो हौसाने. ती बांधावरच राहते. कातकऱ्यांची तीन-चार खोपटं आहेत तिथे. बांधाला मधोमध उघाडी आहे, म्हणजे फळ्यांचं दार — ओहोटीला उघडून पाणी सोडायचं, भरतीला बंद करायचं. ते काम हौसाचं. तिच्या आधी तिच्या सासूचं, ठकुबाईचं. मला वर ओढून म्हणाली, "मास्तरीन, तुझ्या पोरांना शिकव, चिखलान चप्पल घालून येत न्हाय!" माझी एक चप्पल अजून तिथेच आहे.

११ मार्च

शहरात धामणकर नाक्यावर भाऊ भेटले. निवृत्त मुख्याध्यापक, आता वाचनालयाचे सर्वेसर्वा. धूर, हॉर्न, मागे लूमचा खडखडाट, आणि हे रस्त्यातच उभं राहून — "दिपालीबाई, मे महिन्यात व्याख्यानमालेतलं एक पुष्प तुम्ही गुंफायचं! विषय — शासनाविना समाज. तुमची गावकी सांगा लोकांना. आमच्या सोसायटीत गच्चीवर पापड कोणी वाळत घालायचे यावरून पोलीस येतात हो!"

हो म्हटलं. हरखलेच होते, खोटं कशाला लिहू.

मराठीबरोबर नागरिकशास्त्रही माझ्याकडेच; नववीच्या वर्गात मागे एका मुलीने विचारलं होतं — राज्याचे चार घटक: भूप्रदेश, लोक, शासन, सार्वभौमत्व. "बाई, शासन काढलं तर बाकीचे राहतील का?" तेव्हा तासाची घंटा झाली आणि मी सुटले. आता उत्तर तयार करते.

१८ मार्च

भाषणाची तयारी. मुद्दे सुचतायत.

जमीन — झालं, बांधाचं सांगेन.

हद्द — शेजारच्या गावाची आणि आमची शीव दगडाने आखलेली नाही. चैत्रात दोन्ही गावच्या गावदेवीच्या पालख्या निघतात आणि खाडीच्या वळणावर जिथे एकमेकींना भेटतात ती शीव. खाडी सरकते, तशी शीवही थोडी इकडे तिकडे. एखाद्या वर्षी त्यांचे भोई दमदार असतात, एखाद्या वर्षी आमचे. त्यावरून भांडण झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. सरकारांना हे जमत नाही. तारा ठोकतात, गोळ्या घालतात!

निर्णय — हा माझा हुकमाचा एक्का. गावकीत मतदान नाही. देवीपुढे सुपात खाजणाचं भात ठेवतात. प्रत्येक चुलीच्या माणसाने त्यावर हात ठेवायचा. एकाही घराचा हात मागे राहिला तर निर्णय नाही, पुन्हा बसायचं. एका हाताला इतकी किंमत कुठल्या लोकसभेत आहे?

आपलं कोण, परकं कोण — हे उद्या लिहीन. झोप येतेय.

२६ मार्च

गोडाऊनवाली पार्टी आली. पांढरी गाडी, मागे मोजणीवाला. मनोज त्यांच्यापुढे असा चालत होता, जणू खाजण त्याने खणून काढलंय. आम्हाला वाटायचं, हायवेलगत पडघ्यापर्यंत गोडाऊनं झाली, आता भागलं असेल यांचं. भागलं नाही.

मोजणीवाल्याने विचारलं, "हद्द कुठंय?" दामूने हात केला, "थितं. जिथं पालख्या भेटतात ना, थितं." मोजणीवाला हसायला लागला. मग चुन्याची पिशवी काढून त्याने सरळ रेघ मारली. संध्याकाळी शेजारच्या गावचे पाच-सहा जण येऊन ती पायाने पुसून गेले. आमचे चार जण काठ्या घेऊन धावले! ज्या जागेवरून आजवर कधी हातघाई झाली नाही, तिथे एका पिशवीभर चुन्याने डोकं फुटायची वेळ आली. भाषणात हे घालू की नको?

३० मार्च

तलाठ्याकडे जाऊन आले. खाजण कागदावर कोणाचं? मनोजला विचारलं तर "तुला काय करायचंय?" म्हणून स्वतःच गेले.

उताऱ्यावर हिरामणकाकांच्या आजोबांचं नाव आणि पुढे — "व इतर". बस्स. पिढ्यान्पिढ्या अख्ख्या गावाने चिखल तुडवला आणि सरकारदरबारी आम्ही सगळे "इतर"! मी हसले. तलाठी म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव कुठल्या रेशनकार्डावर?" वडिलांच्या कार्डावरून लग्नात कमी झालं, नवऱ्याच्या कार्डावरून त्याने दुसरी आणली तेव्हा कमी केलं. मी तर "इतर"मध्येसुद्धा नाही. त्याने चहा विचारला. नको म्हटलं.

२ एप्रिल

गावकीने जमीन द्यायचं ठरवल्यातच जमा आहे. जो तो गाडीचं मॉडेल बोलतोय. मी विरोध करणार होते — केला असता! पण त्याआधीच आमच्यावर वेगळं संकट आलं.

वाटणी चुलीमागे. खाजणाच्या कडेची घरंही त्याच गावकीच्या जमिनीवर उभी आहेत. ज्या चुली मोजल्या जातील, त्यांच्या घराखालची जागा त्यांच्या नावे होईल. मनोज म्हणतो, आमच्या घरात चूल एकच — त्याची. म्हणजे पडवीही त्याची. आणि त्याला सगळं पाडून दुमजली बांधायचंय.

"तुला कोनी बाहेर काढतंय का, ताई? वरच्या मजल्यावर एक खोली देईन की." वहिनी आतून भांडी आपटत होती. आईने सुनेच्या हातचं जेवायचं सोडलं, ते वर्षानुवर्षं ऐकलेल्या बोलण्यांमुळे. आता म्हातारपणी पुन्हा त्याच ताटाशी?

आई चुलीला पोतेरं करत बसली. दोनदा केलं.

८ एप्रिल, रविवार

बैठक. देवळाच्या मंडपात. मी गेले. बायका भिंतीच्या बाहेरून ऐकतात. मी आत जाऊन बसले. कुजबुज झाली, पण कोणी उठवलं नाही. शाळेतल्या बाईंना उठवायचं कसं!

हिरामणकाका गावकीचे म्होरके. चष्म्याची एक काडी गेलेली, तिथे दोरी. चांगला माणूस आहे — म्हणजे मी लहान असताना मला खांद्यावर बसवून पालखी दाखवायचे. ते म्हणाले, "मनोजची चूल येक."

मी उभी राहिले. "दोन."

"बाय, तुला पडघ्याला दिली ना?"

"परत आले ना, काका."

मागून कोणीतरी — "दिलेली पोर परत आली तरी पाव्हनीच!"

"पाहुणीला चिखलात उतरवता का रे?" मी ओरडलेच. "दरवर्षी बांधावर येते. तेव्हा कोणी म्हणालं नाही, पाहुणे, तुम्ही बसा!"

हसले सगळे. काकाही हसले. मग म्हणाले, "हाळी काय हाय आपली? घरटी येक मानूस. आता तूच सांग, तू मराठी शिकवतेस. तू मानूस, का बायमानूस?"

मंडप फुटेल इतका हशा. मी म्हटलं, "बाईमाणूस म्हणालात तरी त्यात माणूस आहेच, काका. एकदाच काय ते ठरवा. माती टाकली तो माणूस, की मिशा असल्या तो माणूस?"

भिंतीपलीकडून गुणाबाईचा आवाज आला, "बराबर बोलते पोर!" आणि दामू — माझा दामू, जो दार चुकवून जातो — तो जमिनीकडे बघत पुटपुटला, "माती टाकली तो."

जिंकले होते मी! अर्धा मिनिट तरी.

मग पायऱ्यांवरून आवाज आला. हौसा. कातकरी मंडपात येत नाहीत, पायरीशी बसतात. ती उभी राहून म्हणाली, "मंग मी कोन? आमी तं रोजच माती टाकतों!"

आता मात्र कोणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझंच वाक्य होतं ते, माझ्याच तोंडचं, तिने फक्त पुढे नेलं. आणि मी काय केलं? पदर सावरला. खाली बसले.

१० एप्रिल

बारा तास शिकवल्यासारखा घसा बसलाय. दोन दिवस कोणाशी बोलले नाही तरी.

भाषणाच्या कागदावर "आपलं कोण, परकं कोण" एवढंच लिहिलंय. खाली कोरं. खरं सांगायचं तर हौसा माझ्या भाषणात कुठेच नव्हती. बांध होता, उघाडी होती, उघाडी उघडणारं कोणी नव्हतं. जशी काय भरती बघून ती स्वतःच बंद होते! कातकऱ्यांना खाचर नाही, सुगीला सूपभर भात. ते "बांधावरचे", आम्ही "गावातले". हा शब्द मी लहानपणापासून वापरते आणि कधी अडखळले नाही.

१५ एप्रिल

आता कळलं सगळं. पार्टीला रस्ता बांधावरून हवाय. बांध रिकामा करून पाहिजे. खोपटं उठली पाहिजेत, आणि "आमचा हक्क" म्हणत उद्या कोणी कोर्टात जाता कामा नये. म्हणून गावकीने देवीसमोर एकमताने सांगायचं — बांधावरचे लोक या गावचे नाहीत, कधीच नव्हते.

कधीच नव्हते! ठकुबाईच्या सासूने मोठ्या पुरात उघाडी धरून ठेवली होती, ही गोष्ट मला हिरामणकाकांनीच सांगितलेली आहे.

२१ एप्रिल

हिरामणकाका पडवीत आले. पहिल्यांदाच मागच्या दाराने. आईने पाणी दिलं. काका म्हणाले, "तुझं म्हननं गावकीने इचारान घेतलंय. तुझी चूल धरू. पडवी तुमची. पन हात ठेवायला लागंल."

"कशावर?"

"बांधावरच्यांचं ठरतंय त्याच्यावर. धा-बारा लोकांचा इषय हाय, बाय. त्यांना काय, आज हितं तर उंद्या तिथं."

मी म्हटलं, नाही ठेवला तर? तुमचीच रीत आहे, एक हात मागे राहिला की निर्णय नाही.

काका हसले. वाईट नाही, मायेनेच हसले. "आगं, पन हात कोनाचा? मानसाचा. तू हात ठेवलास का तू मानूस. न्हाय ठेवलास तर तू मानूस न्हायस, मंग तुझा हात मागं राह्यला काय नि न्हाय काय!"

मला हे समजायला रिकाम्या पेल्याकडे बघत बसावं लागलं. मला नकार द्यायचा असेल तर आधी माणूस व्हायला हवं. आणि माणूस व्हायची वाट एकच — होकार. कुठल्याही घटनातज्ज्ञाला सुचलं नसतं! काडीतुटक्या चष्म्याच्या म्हाताऱ्याला पाणी पिता पिता सुचलं.

आणि मी यांच्यावर टाळ्या मिळवायला निघाले होते.

२२ एप्रिल

सरकार असतं तर? हा विचार आज दिवसभर. सरकारकडे जाऊ शकते — तहसीलदार, अर्ज, वकील. पण सरकारच्या लेखी हौसाचं तर नावच नाही, आणि आमचं "इतर". सरकार आलं की खाजण कोणाचंच नाही, सगळंच सरकारचं. मग पार्टी तिथूनही घेईल, फक्त वरच्या मजल्यावरून. गावकी मला चेहरा बघून बाहेर काढते, सरकार न बघता. निवडा!

चार घटक म्हणे. मुलींना सांगितलं पाहिजे, पाचवा राहिला: ज्याला बाहेर काढायचं तो. त्याच्याशिवाय "आपण" होतच नाही बहुतेक. सरकार असो नाहीतर सूपभर भात.

छे! हे लिहून तरी काय होतंय.

२५ एप्रिल

हौसा निवट्या घेऊन आली. चिखलातले मासे, आईला जीव की प्राण. दोघी चुलीशी बसून गप्पा मारत होत्या, कोणाच्या सुनेने काय केलं वगैरे. बैठकीचा विषयच नाही. जाताना मला म्हणाली, "मास्तरीन, त्या दिशी मी बोलले त्याचा राग आला का गो?"

तिने मला विचारलं! राग आला का!

"नाही गं," म्हटलं.

"तू बोललीस म्हनून मना बोलायला सुचलं. न्हायतर कंदी डोस्क्यान आलंच न्हवतं." आणि गेली.

आई निवट्या साफ करता करता म्हणाली, "तिच्या हातचं खाल्लंय मी. बाळंतपनात ठकुबाय व्हती माझ्या उशाशी." मग चुलीत लाकूड सारत, "पन पडवी गेली तर मी कुठं जाऊ, बाय?"

२८ एप्रिल

उद्या बैठक.

हात खालीच ठेवीन. पदरात घट्ट धरून. नसू दे मोजत कोणी. मला तर कळेल! आईला घेऊन खारबावला स्टेशनाजवळ एखादी खोली बघेन, शाळेच्या पगारात निभेल कसंतरी. तिला पटवेन. ठरलं. आता यावर विचार नाही.

२९ एप्रिल, रविवार

बैठक झाली. एकमत झालं.

३० एप्रिल

लिहायलाच हवं.

सूप फिरत फिरत आलं. भात कोरडं, थोडं उबदार. सगळ्यांच्या हातांचं. मनोजने ठेवला. मग काका म्हणाले, "भाऊंची लेक दिपाली, चूल दुसरी." बाबांना गावात भाऊच म्हणायचे. या गावात सुपावर बाईचा हात कधी आला नव्हता. भिंतीपलीकडे बायका उभ्या राहिल्या. गुणाबाईने डोळ्याला पदर लावला, मी पाहिलं. ती रडत होती, माझ्यासाठी, आनंदाने!

मी पायरीकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. हात गेला. कोणी धरून नेला नाही, ढकलला नाही. लाज वाटली पाहिजे होती, पण खरं लिहिते — त्या क्षणी बरं वाटलं. आपलं वाटलं. इतकी वर्षं दारात उभं राहून कोणीतरी "ये आत" म्हणावं, तसं. हेच सगळ्यात वाईट आहे.

माझा हात नसता तरी एकमत झालंच असतं. दिवसभर हेच घोकतेय. खरंही आहे ते. आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

बाबा असते तर काय म्हणाले असते, ते मला माहीत नाही. त्यांनीही बहुधा ठेवलाच असता.

६ मे

खोपटं उठली. पोलीस नाहीत, बुलडोझर नाही. गरजच नाही! दुकानदाराने मीठ दिलं नाही, विहिरीवर कोणी उभं केलं नाही, कोणी बोललं नाही. चार दिवसांत माणसं आपणहून गेली. गावकीची ही ताकद मी भाषणात "दंडशक्तीविना शिस्त" अशी लिहिली होती. शब्द चांगला आहे. खोडला नाही अजून.

हौसा दुपारी आली. आत आली नाही. बांधाच्या दिवशी चिखलात गेलेली माझी चप्पल हातात — उकरून, धुऊन आणलेली. म्हणाली, "तू हात न्हाय ठेवला असतास तरी आमी जातच व्हतों. ह्यांच्याशी कोन भांडतो?"

तिने चप्पल उंबऱ्यावर ठेवली.

"पन मंग जाताना सगल्या गावाला शिव्या दिल्या असत्या ना, तर तुझं घर वगळून दिल्या असत्या. आता कुठं वगळत बसू?"

आई आतून बाहेर आली तोवर ती वळली होती. आईने हाक मारली. मागे पाहिलं नाही तिने. चप्पल उंबऱ्यावर आहे. आईने अजून आत घेतली नाही, मीही नाही.

१२ मे

व्याख्यान झालं. सभागृह भरलेलं. मी नको म्हणून सांगायला गेले होते, पण पत्रिका छापून झालेल्या.

सगळं सांगितलं — बांध, पालख्या, सूप. "बाईचा हातही त्या सुपावर आला," एवढं म्हटलं आणि टाळ्या! वाचनालयाच्या भाऊंचे डोळे पाणावले. एका गृहस्थांनी उठून विचारलं, "पण बाई, अशा समाजात बाहेरच्यांचं काय?" मी पाणी प्यायले. म्हटलं, "बाहेरचं कोणी नसतंच." पुन्हा टाळ्या.

शाल आणि श्रीफळ मिळालं. शाल रिक्षात विसरले. बरं झालं.

आईने विचारलं, कसं झालं? म्हटलं, छान. ती म्हणाली, "नारळ हौसाला दिला असतास, तिला आवडतो" — आणि मग नारळ फळीवर सरकवला. चूल पेटते, विझते. ती आता गावाची अधिकृत चूल आहे.

१८ मे, शुक्रवार

अमावास्येचं उधाण. उघाडीच्या फळ्या कोणी टाकल्याच नाहीत. सवयच नव्हती कोणाला. दुपारी पडवीतून बघितलं तर खाजणात पाणी चमकत होतं आणि खालच्या आळीकडे सरकत होतं.

दामू हाळी देत निघाला. जमिनीचं काहीही होवो, हाळी त्याच्या अंगातच आहे. मनोजच्या दारात ओरडला — मनोज पार्टीबरोबर ठाण्याला. पुढच्या घरी ओरडला, त्याच्या पुढच्या. एक दार उघडलं नाही. विकलेल्या जमिनीसाठी कोण चिखलात उतरेल!

मग पावलं मागे वळली. पहिल्यांदाच. दामू पडवीसमोर उभा राहिला, धापा टाकत.

"दिपालीबाय! मानूस हाय का घरान?"

पाटी कोपऱ्यात होती. आई माझ्याकडे बघत होती.

मी आतूनच म्हटलं — "न्हाय."